डावीकडचे ढोमे

मी मासे दाखवणारा डबा बोलतोय. डबा हे माझं खरं नाव नव्हे. कारखान्यात मला लांबलचक नाव आणि त्यापुढे आकडा मिळाला होता, पण कुआला केम्पास या कोळ्यांच्या गावच्या किनाऱ्यावर त्या नावाने मला कुणी कधी हाक मारली नाही. तिथे मी डबा, डबडं, खोकं, आणि आमच्या होडीवरचे म्हातारे पोक मान रागात असले की सैतानाचं पोर. पोक मान बहुतेक वेळ रागातच असत, त्यामुळे शेवटचं नाव माझ्या चांगलं अंगवळणी पडलं.

आधीच सांगून ठेवतो, मी काही प्रेमळ वगैरे नाही. आपल्या मालकाच्या आठवणीने गहिवरणाऱ्या वस्तू जगात असतील, असोत बापड्या. माझा ज्यांच्याशी संबंध आला त्यांतल्या एकाने मला शिव्या घातल्या आणि दुसऱ्याने मला खोटं बोलायला लावलं. दोघांच्या वैरात मी भरडला गेलो. आज माझ्या पोटात मुंग्यांनी घर केलंय.

माझं काम तसं सोपं आहे, तरी ते धड कुणाला कळत नाही. होडीच्या बुडाला, पाण्याखाली, माझा एक तुकडा बसवलेला असतो. तिथून मी खाली आवाज सोडतो. तो तळावर आपटून परत येतो, वाटेत मासा असला तर त्याच्यावर आपटून येतो. जे परत येतं ते मी पडद्यावर काढतो. तळ खडकाळ असला की रेघ जाड आणि लाल, चिखल असला की फिकट. मासा खालून गेला की कमानीसारखी खूण. कमान लांबलचक दिसली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण होडी रेंगाळली तर बोटभर माशाची खूणसुद्धा लांबते, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि अजून एक. माझ्या पडद्यावर 'आत्ता' असतं ते फक्त उजव्या कडेला. तिथे खूण उमटते आणि मग ती डावीकडे सरकत जाते. म्हणजे डावीकडे जे दिसतं ते होऊन गेलेलं, मागे पडलेलं. ती होडीची डावी बाजू नव्हे. मला डावं-उजवं काही कळतच नाही, मला कळतं ते फक्त बुडाखालचं. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं समजायला जड जाणार नाही.

मला विकत घेतलं ते जुसोहने. जुसोह तांडेल होता, होडी त्याची स्वतःची. तेरेंगानू शहरातल्या दुकानातून त्याने मला छातीशी धरून आणलं आणि सुकाणूशेजारी स्क्रूने पक्कं बसवलं. त्याची बायको रोकिया बघायला आली होती. तिने डोक्यावरच्या ओढणीने माझा पडदा पुसला आणि विचारलं की आबांना हे सांगितलंय का. जुसोह म्हणाला, होडी माझी आहे.

आबा म्हणजे रोकियाचे वडील, देरामन. सारं गाव त्यांना पोक मान म्हणायचं. ते त्या किनाऱ्यावरचे जुरू सेलाम होते, म्हणजे पाण्यात कान घालून मासे ऐकणारे. हे थोतांड आहे असं मी सुरुवातीला समजलो. पण ढोमा हा मासा खरंच बोलतो. पोटातून कुरकुर करतो, आणि शेकड्यांनी एकत्र आले की पाण्याखाली बाजार भरल्यासारखा कालवा होतो. होडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, की पोक मान सदरा काढून पाण्यात उतरत. एका हाताने होडीची कड धरत आणि डोकं बुडवून सावकाश फिरत. वर आले की हात करून दिशा दाखवत आणि किती लांब ते सांगत. मासे कोणते, थोराड की बारके, हेही सांगत. मग त्या दिशेला जाळं पडे. बाकीच्या होड्या आदबीने मागे थांबत. पोक मानांचं जाळं पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी जाळं टाकायचं नाही, हा तिथला रिवाज होता. जाळ्यातला सगळ्यात मोठा ढोमा त्यांच्या घरी जायचा, हाही रिवाज होता.

एवढा मान मिळालेला माणूस गोड स्वभावाचा असावा असं तुम्हाला वाटेल. छे. पोक मानांची जीभ म्हणजे माशाचा काटा. जुसोह त्यांच्या होडीवर साधा खलाशी असताना त्याला ही विद्या शिकायची होती. पोक मानांनी सगळ्या होड्यांसमोर त्याचं डोकं पाण्यात दाबलं, वर काढलं आणि विचारलं, काय ऐकलंस? त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. पोक मान ओरडून सगळ्यांना म्हणाले की याच्या कानात मेण भरलंय, याला कोंबड्या राखायला बसवा. पुढे त्यालाच मुलगी द्यावी लागली, कारण रोकियाने हट्ट धरला. पण वाकाफात, किनाऱ्यावरच्या त्या लाकडी मंडपात, गप्पांचा फड जमला की मेणाची गोष्ट पुन्हा निघायची. पुन्हा पुन्हा निघायची. जुसोह हसायचा आणि दात खायचा.

पोक मान आता जावयाच्याच होडीवरून समुद्रावर जात. मला तिथे पाहिलं तेव्हा ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"हे खातं काय?" त्यांनी विचारलं.

"बॅटरी, आबा."

"आणि मासे आम्हीच खायचे ना? चला, तेवढं तरी आमच्यासाठी ठेवलंस."

खलाशी खो खो हसले. त्यांच्यात मुदा म्हणून एक जुना गडी होता, तो तर हसता हसता जाळ्यावर आडवा झाला. जुसोहचा चेहरा उतरला. कानामागून आली आणि तिखट झाली अशी माझी गत होईल, असं मला त्या वेळी वाटलं होतं. गत झाली खरी, पण वेगळीच.

पहिल्याच दिवशी पोक मान पाण्यातून फणफणत वर आले. माझा आवाज त्यांना ऐकू येत होता. साध्या माणसाला तो जाणवत नाही, पण त्या म्हाताऱ्याच्या कानांना पाण्याखाली माझी टिकटिक टोचत होती. भिंतीवरची पाल बोलावी तसं हे टिकटिकतंय, म्हणाले, मी ढोम्यांचं ऐकू की याचं? तेव्हापासून नियम झाला. ते पाण्यात उतरायच्या आधी म्हणायचे, "डबडं झोपव." जुसोह मला बंद करायचा. खलाशी सासऱ्याच्या बाजूचे, तेव्हा त्याचं काही चालत नव्हतं. मी फक्त जाता येता, इंजिन चालू असताना जागा असायचो. एवढ्या लांबून आणलेला मी, आणि एका म्हाताऱ्याच्या कानांपुढे मला तोंड मिटून बसावं लागायचं. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर द्वेषच वाटायचा.

पण कान हीसुद्धा झिजणारी वस्तू आहे. वर इंजिनाचा धडाका आणि खाली खारं पाणी, असं आयुष्यभर चाललेलं. मी होडीवर आल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात पोक मानांचे कान गेले. उजवा पार गेला, डाव्यात थोडी धुगधुगी राहिली. वाकाफात कुणी हाक मारली तरी ते वळेनासे झाले. लोक म्हणू लागले, पोक मानांना फार शिष्टपणा आलाय. ते त्यांच्या पथ्यावरच पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग तो म्हातारा माझ्याकडे बघायला लागला.

माझ्या शेजारी एक खिळा होता. त्यावर ते सदरा अडकवत. पूर्वी अडकवला न् उतरले, असं असायचं. आता सदरा काढायला वेळ लागू लागला. गुंड्या सापडेनात, बाही अडकायला लागली. तेवढ्या वेळात डोळे माझ्यावर. इतरांना वाटे, वय झालं. मला मात्र ते डोळे दिसत होते. शिव्या देताना ज्या डब्याकडे ढुंकून पाहत नव्हते, त्याच्याचकडे आता ते भिकाऱ्यासारखे बघत. बघून झालं की मोठ्याने म्हणत, "डबडं झोपव," आणि पाण्यात उतरून कान लावल्याचं सोंग करत.

आता यातली गंमत ऐका. या माणसाने सारं आयुष्य कानांनी काढलं होतं. ढोमा डावीकडून बोलला की डाव्या कानात बोलायचा, उजवीकडून बोलला की उजव्या कानात. त्यांच्या मनात समुद्राची मांडणीच तशी होती. आपण मध्ये, आणि मासे डावी-उजवीकडे. माझा पडदाही त्यांनी तसाच वाचला. कमानी डावीकडे दिसल्या की मासे डावीकडे. पण त्या कमानी म्हणजे आम्ही ज्यांना मघाशी ओलांडून आलो ते मासे. आणि माझ्या पडद्यावर सगळं डावीकडेच सरकत जातं. त्यामुळे पोक मान वर आले की हात डावीकडे. आज डावीकडे, उद्या डावीकडे, परवाही डावीकडेच. ढोमे बिचारे मागे राहिलेले असत आणि जाळं भलतीकडे पडे. कधी कळप मोठा असला तर थोडा हाताला लागे, एरवी चिखल आणि खेकडे.

मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. मला बरं वाटत होतं.

मासळी कमी झाली तशी जुसोहची नजर बारीक झाली. डावीकडचा प्रकार त्याच्या लक्षात आला. एकदा पोक मान म्हणाले, "डबडं झोपव." जुसोहने हात पुढे केला, बटणावर ठेवला, दाबला नाही. म्हणाला, "झोपवलं, आबा." मी चालूच होतो. खालून टिकटिक करत होतो. पोक मान पाण्यात गेले, माझ्या त्या तुकड्यापासून हातभर अंतरावर डोकं बुडवून फिरले आणि वर येऊन म्हणाले, "हां, आता कसं शांत वाटतं."

दुसऱ्या दिवशी जुसोहने पुन्हा तसंच केलं. म्हातारा पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा जुसोहच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जवळून पाहिलंय. त्यात सासऱ्याबद्दल कणव अजिबात नव्हती.

त्याला सरळ वागता आलं असतं. घरी बसवून सांगता आलं असतं की आबा, आता पुरे झालं, मी ओळखलंय, कुणाला सांगणार नाही. रोकियाला सांगता आलं असतं. पण त्याला तेवढ्याने समाधान नव्हतं. ज्या होड्यांसमोर आपलं डोकं पाण्यात दाबलं गेलं, त्याच होड्यांसमोर त्याला फेड हवी होती.

तो दुकानात गेला. दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायला माझ्यासारख्यांच्यात एक खेळ भरलेला असतो. खोटा समुद्र, खोटा तळ, खोटे मासे. तो लावला की मी पडद्यावर आपला माशांचे थवे काढत बसतो, मग होडी समुद्रात असो की गोठ्यात. पाण्याखालचा माझा तुकडा त्या वेळी मुका असतो. हा खेळ कसा लावायचा ते दुकानदाराने जुसोहला समजावलं. मग तो कसा काढायचा तेही समजावू लागला, पण तोवर जुसोह फटफटीवर बसला होता.

शुक्रवारची सुट्टी झाली आणि शनिवारी सकाळी सगळ्या होड्या निघाल्या. समुद्र मऊ होता. मुदाने केळीच्या पानात बांधलेला नासी दागांग, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, सगळ्यांना वाटला. जुसोहने स्वतःच्या हाताने सासऱ्याला कॉफी ओतून दिली. मुदा म्हणाला, आज सूर्य कुठून उगवलाय? पोक मान हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. त्यांना वाटलं असेल, जावयाचं मन निवळलं.

जुसोहने मुद्दाम अशी जागा निवडली की जिथे ढोमा कधी फिरकत नाही. होडी थांबवली आणि माझ्यावरचा खेळ सुरू केला. मी नको म्हणू शकत नव्हतो. मला शिव्या चालतात, थुंकलेलं चालतं, पण माझ्या पडद्यावर जे आलंय ते खालून आलंय एवढी एकच अब्रू मला होती. तीही त्याने काढली.

पोक मान सदरा काढू लागले. गुंडी सापडेना. डोळे माझ्यावर आले आणि तिथेच खिळले. असा थवा त्यांनी माझ्यात कधी पाहिला नव्हता. वरपासून खालपर्यंत मासेच मासे. "डबडं झोपव," म्हणाले, पण आवाजात नेहमीची गुर्मी नव्हती, आनंद होता. ते पाण्यात उतरले. नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिले. मला वाटतं, त्या दिवशी ते खरंच ऐकायचा प्रयत्न करत होते. एवढे मासे आहेत तर एखाद्याचा तरी आवाज येईल म्हणून.

वर आले तेव्हा जुसोह वाकून त्यांच्या डाव्या कानापाशी मोठ्याने म्हणाला, "काय म्हणतायत ढोमे, आबा?"

"लग्नघर आहे खाली," पोक मान म्हणाले. "डावीकडे घे. एवढा कालवा मी तुझ्या लग्नाच्या आधी ऐकला होता."

जाळं पडलं. मागच्या होड्या थांबून बघत होत्या. खलाशांनी ओढायला घेतलं तेव्हाच मुदाच्या लक्षात आलं, कारण जाळं हलकं लागत होतं. वर आली ती चार जेलीफिश आणि सिमेंटची एक फाटकी गोणी.

जुसोह सुकाणूपाशी उभा राहिला आणि सगळ्या होड्यांना ऐकू जाईल असा बोलला. म्हणाला की हा माणूस ठार बहिरा आहे. डब्यात बघतो आणि पाण्यात डोकं बुडवून नाटक करतो. डबासुद्धा धड वाचता येत नाही, मागे गेलेल्या माशाला डावीकडचा मासा म्हणतो. आणि आज तर डब्यात मासेच नव्हते, दुकानातलं सोंग होतं. ते सोंग यांनी कानांनी ऐकलं, त्याचा कालवा ऐकला.

त्याला वाटलं होतं सगळे हसतील. कुणी हसलं नाही. पलीकडच्या एका होडीने इंजिन सुरू केलं आणि ती निघून गेली. मग दुसरी गेली.

"सासरे आहेत ते तुझे, जुसोह," मुदा म्हणाला.

"आणि मी जावई आहे हे त्यांना कधी ऐकू आलं?"

पोक मानांना शब्द कळले नव्हते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मुदाला विचारलं, काय म्हणाला तो? मुदाने मान खाली घातली. तेव्हा जुसोहने सासऱ्याचा दंड धरला, त्यांना माझ्यासमोर आणलं आणि बोट दाखवलं. होडी मेल्यासारखी उभी, इंजिन बंद, आणि माझ्या पडद्यावर माशांचे थवे धावतायत. पोक मानांनी काचेवर तळहात ठेवला. हाताखालूनही मासे जात राहिले. मग त्यांना कळलं. त्यांनी खिळ्यावरचा सदरा काढला आणि अंगात घातला, तो उलटा घातला गेला. तसेच जाऊन ते होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसले.

मी इतका काळ त्या म्हाताऱ्याचं हसं व्हावं अशी वाट पाहिली होती. ते झालं, आणि मला सगळी चीड जुसोहची आली.

जुसोहने मला बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. त्याला वाटलं, झालं, खेळ गेला. खेळ असा जात नाही. मी पुन्हा त्याच खोट्या समुद्रात जागा झालो. कोपऱ्यात एक शब्द लुकलुकत होता, पण त्या होडीवर ती भाषा कुणाला येत नव्हती. आणि मासे जरा विरळ दिसत होते, तेवढ्यावरून त्याचा विश्वास बसला.

परत येताना कुआला केम्पासची खाडी गाठावी लागते. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. दर पावसाळ्यात तो सरकतो. यंदा इथे, पुढच्या वर्षी तिथे. त्यातून आत जायची वाट अरुंद असते आणि कडेला लाटा फुटतात. तिथे पोक मान नाळेवर उभे राहत आणि हाताने खुणा करत. त्याला कान लागत नव्हते. पाण्याचा रंग बघूनच ते सांगत. ते काम त्यांचं होतं आणि अजूनही ते त्यांना चोख येत होतं.

मुख जवळ आलं तसे ते सवयीने उठले. उलटा सदरा घातलेले तसेच उभे राहिले आणि हात वर केला.

"बसा," जुसोह ओरडला. त्यांना ऐकू गेलं नाही. जुसोहने सुकाणू मुदाच्या हाती दिलं, पुढे जाऊन सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली दाबलं. "बसा, आबा. आता तुमचं काही काम नाही. मी डब्याला विचारतो."

हे त्यांना कळलं. ते बसले.

मुदा चाचरत म्हणाला की राहू दे ना त्यांना उभं, दांडा सरकलाय. जुसोहने त्याला गप्प केलं आणि सुकाणू परत घेतलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्यात बुडाखाली भरपूर पाणी दिसत होतं, खोट्या समुद्रातलं खोटं पाणी. त्याने समजूत करून घेतली की वाट सापडली, आणि वेग वाढवला.

बुडाखाली मी आंधळा होतो, माझा खालचा तुकडा मुका होता. पण सुकाणूपाशी बसून मला म्हाताऱ्याची पाठ दिसत होती. पुढे पाणी पिवळट झालं ते त्यांनी पाहिलं. डावीकडे लाट फुटली, तिच्याकडे त्यांनी मान वळवली. मग मागे वळून जावयाकडे पाहिलं. जुसोह माझ्यात बघत होता. पोक मानांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला, वीतभर वर आला. आणि त्यांनी तो परत गुडघ्यावर ठेवला.

होडी वाळूवर आदळली, आडवी झाली आणि मागून आलेल्या लाटेने तिला उलटी केली. मुदाचा पाय कडेखाली सापडला. मी पाण्यात जाईपर्यंत माझ्या पडद्यावर मासे पोहत होते.

मागच्या होड्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. कुणी मेलं नाही. मुदाचा पाय मात्र कायमचा गेला, आता तो काठी घेऊन चालतो आणि जाळी विणतो. भरती आली आणि तिने होडीचं कंबरडं मोडलं. ओहोटीला तिच्या फळ्या वाळूत उभ्या होत्या. गावाने सगळा दोष जुसोहला दिला. म्हणाले, सासऱ्याचे तळतळाट लागले, डब्यावर विसंबला, आता भोगू दे. जुसोहला तोंड दाखवायला जागा उरली नाही. तो दक्षिणेला दुसऱ्या कुणाच्या तरी होडीवर खलाशी म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. रोकियाला निरोप येतो, तो येत नाही.

मला वाळूतून रोकियाने उचललं. केरोपोक, म्हणजे माशांचे पापड, वाळत घालतात त्या बांबूच्या जाळीवर तिने मला उन्हात ठेवलं. सुकेल, चालू होईल, मग विकता येईल, अशी तिची आशा होती. मी सुकलो, पण चालू झालो नाही. मग तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. माझ्या काचेआड मीठ साठलंय. कोंबड्या येता-जाता टोच मारून बघतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला नीट करू नका, नवी बॅटरी घालू नका, माझी कीव तर मुळीच करू नका.

पोक मान आता तिथेच असतात, मुलीच्या घरी. गावात त्यांच्याशी कुणी वाईट वागत नाही, उलट जरा जास्तच आदराने वागतात. समुद्रावर कुणी बोलवत नाही. मोठा ढोमा आता घरी येत नाही. ते दिवसभर उंबऱ्यावर बसून काथ्या वळतात.

रोकियाला मुदाकडून काहीतरी कळलं असावं. एके दिवशी ती मुदाच्या घरी भात देऊन आली. बापाला वाढलं. मग त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आबा, दांडा दिसला होता का तुम्हाला?"

पोक मान घास चावत राहिले. तिला वाटलं ऐकू गेलं नाही. तिने तेच पुन्हा विचारलं, आवाज चढवून. खिडकीत मला स्वच्छ ऐकू आलं.

त्यांनी घास गिळला. पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली.

"तो म्हणाला, बसा," ते म्हणाले. "मी बसलो."

रोकिया उठली नाही, रडली नाही. त्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिली. मग तिने ताट उचललं आणि विचारलं की अजून भात हवा का. पण त्याआधी ती उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेली होती. त्या दिवसापासून ती बापाशी जे काही बोलते ते सगळं उजव्या कानाशी बोलते. जेवलात का, दुखतंय का, बाहेर ऊन आहे, सगळं. ते मान हलवतात. त्या कानाने त्यांना काही ऐकू येत नाही हे तिला ठाऊक आहे, आणि ती जाणूनबुजून तिकडे जाते हे त्यांना ठाऊक आहे. ती डावीकडे येईल म्हणून ते कधी कधी मान वळवून धरतात. ती येत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. कुणी भंगारवाला वाचत असेल तर त्याने कुआला केम्पासला यावं आणि मला फुकट घेऊन जावं. मला वितळवा, फोडा, पाण्यात टाका. पण संध्याकाळी ती दोघं जेवायला बसतात तेव्हा मला त्या खिडकीत ठेवू नका.